आफ्रिकेवर संशोधन करायचंय? सुरुवात डाकारपासून करा

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी मी पूर्व आफ्रिकेतल्या शेतीवर छोटा प्रबंध लिहिला होता. संदर्भसूचीच चार पानांची झाली होती, आणि तिचा मला फार अभिमान होता. होस्टेलवर युगांडाचा एक विद्यार्थी राहायचा. त्याला मी तो वाचायला दिला. दोन दिवसांनी प्रबंध परत आला तेव्हा शेवटच्या चार पानांवर पेन्सिलीने तीन बारीक टिकल्या केलेल्या होत्या. "एवढीच नावं आमच्याकडची आहेत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मी सूची पुन्हा चाळली. त्या तीन टिकल्यांपैकी दोन सरकारी अहवालांसमोर होत्या. उरलेलं सगळं लंडन, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनमध्ये बसून लिहिलेलं. त्याने माझ्या वहीच्या मागच्या पानावर एकच शब्द लिहून दिला: कोडेस्रिया.

त्या शब्दाने माझं पुढचं सगळं वाचन बदललं. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नांदेड, पणजी इथल्या विद्यापीठांत राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र शिकणारी आणि आफ्रिकेकडे वळू पाहणारी जी मुलं-मुली आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ही संस्था काय आहे, तिच्यापर्यंत कसं पोहोचायचं आणि पोहोचल्यावर काय करायचं, हे मी चुकतमाकत शिकलो त्याच क्रमाने सांगतो.

आधी संस्था ओळखून घ्या

कोडेस्रिया म्हणजे आफ्रिकेतल्या सामाजिक शास्त्र संशोधनाच्या विकासासाठीची परिषद. स्थापना १९७३, मुख्यालय सेनेगलची राजधानी डाकार. इजिप्तमध्ये जन्मलेले अर्थतज्ज्ञ समीर अमीन हे तिचे पहिले कार्यकारी सचिव. ते त्या वेळी डाकारमधल्याच संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक विकास आणि नियोजन संस्थेचे संचालक होते, आणि परिषदेची सुरुवात त्याच छपराखाली झाली.

अशी संस्था लागावी असं का वाटलं, हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. घाना आणि आयव्हरी कोस्ट हे सख्खे शेजारी. एका बाजूला इंग्रजांचं राज्य होतं, दुसऱ्या बाजूला फ्रेंचांचं. स्वातंत्र्यानंतरही घानाचा प्राध्यापक लंडनला काय छापून आलं ते वाचायचा, आयव्हरी कोस्टचा पॅरिसला काय छापून आलं ते. पलीकडच्या गावात कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं काय चाललंय हे एकमेकांना विचारायची वाटच नव्हती. फोनसुद्धा कितीदा तरी युरोपमार्गे जोडून घ्यावा लागे. ही भिंत पाडायची म्हणून परिषद निघाली. म्हणूनच ती इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज आणि अरबी अशा चार भाषांत काम करते. हा नुसता औपचारिकपणा नाही, संस्थेचा पायाच तो आहे.

मग १९८० चं दशक आलं. जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या अटींवर आफ्रिकेतल्या सरकारांनी खर्चाला कात्री लावली आणि विद्यापीठं सुकत गेली. ग्रंथालयांत नवी जर्नल्स येईनात, पगारात महिना निघेना. कितीतरी प्राध्यापक देश सोडून गेले. जे राहिले ते देणगीदार संस्थांसाठी कन्सल्टन्सीचे अहवाल लिहू लागले. अहवालात प्रश्न दुसऱ्याचा असतो, तुम्ही फक्त उत्तर भरायचं. याच काळात मलावीचे थंडिका म्कंदविरे परिषदेचे कार्यकारी सचिव होते. स्वतःच्या देशातून हद्दपार झालेला हा माणूस. इतरांच्या घरादाराची, कामाची ओढाताण त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी छोटी अनुदानं १९८८ पासून सुरू झाली. रक्कम छोटीच असायची, पण तिच्यावर क्षेत्रकार्याचं एसटीभाडं, प्रश्नावलीच्या झेरॉक्स आणि एखादं महत्त्वाचं पुस्तक निघायचं. पीएच.डी. करताना तेवढ्याच पैशांवाचून ज्याचं काम अडलंय, त्याला त्याची किंमत कळेल.

नोव्हेंबर १९९० मध्ये परिषदेच्या पुढाकाराने कंपाला इथे बौद्धिक स्वातंत्र्य आणि सामाजिक जबाबदारी यांचा जाहीरनामा मंजूर झाला. हा मजकूर छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो, आणि माझ्या मते नवख्याने सगळ्यात आधी तोच वाचावा. संशोधकाला सरकारच्या दडपणाशिवाय शोध घेण्याचा, शिकवण्याचा, ये-जा करण्याचा हक्क आहे असं तो सांगतो. आणि त्याच दमात संशोधकाचीही समाजाला बांधीलकी आहे हेही सांगतो. हक्क आणि कर्तव्य एकाच कागदावर. तो कागद लिहिणाऱ्यांच्या ओळखीचे लोक तुरुंगात होते किंवा परागंदा झाले होते, हे वाचताना विसरू नका.

एक घोटाळा नवख्यांचा हमखास होतो. परिषद आफ्रिकी महासंघाचा विभाग नाही आणि कुठल्या एका सरकारचीही नाही. आपली आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, १९६९ साली भारत सरकारने स्थापन केली, आपल्या जे. पी. नाईकांनी तिचे पहिले सदस्य-सचिव म्हणून ती उभी केली. तिचा पैसा मुख्यतः सरकारी. कोडेस्रियाचा पैसा स्वीडनची विकास सहकार्य संस्था, अमेरिकेतली कार्नेगी आणि फोर्ड प्रतिष्ठानं अशा देणगीदारांकडून आला आहे. दर तीन वर्षांनी सर्वसाधारण सभा भरते, खंडाच्या वेगवेगळ्या विभागांतून कार्यकारी समिती निवडली जाते. बाहेरच्या पैशावर चालूनही प्रश्न स्वतःचे ठेवायचे ही कसरत त्यांनी पन्नास वर्षं केली आहे. सगळीच वर्षं चांगली गेली असं नाही, पण संस्था टिकली, आणि आफ्रिकेत या प्रकारच्या फार थोड्या संस्था टिकल्या.

तुम्हाला काय मिळेल आणि काय नाही

हे स्पष्टच सांगतो, कारण इथे फार वेळ वाया जातो. प्रबंध-अनुदानं, फेलोशिप्स, कार्यशाळा हे सगळं मुळात आफ्रिकेतल्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांसाठी आणि प्राध्यापकांसाठी आहे. पुण्यात किंवा मुंबईत नोंदणी असलेल्या विद्यार्थ्याने प्रबंध-अनुदानाला अर्ज करू नये. तो हक्क त्यांचा आहे. पहिल्या ईमेलमध्येच "फंडिंग मिळेल का" असं विचारणारे आपले विद्यार्थी मी पाहिलेत, आणि त्यांना उत्तर का आलं नाही हे मला कळतं.

तुमच्यासाठी दारं वेगळी आहेत. त्यांची जर्नल्स आणि बरीचशी पुस्तकं संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. त्यांच्या जर्नल्सना लेख पाठवता येतो. आफ्रिकी सहकाऱ्याबरोबर संयुक्त काम उभं करता येतं. आणि दक्षिणेकडच्या देशांनी आपसांत बोलावं यासाठी परिषदेने जे पूल बांधले त्यांवरून जाता येतं: ब्यूनोस आयरिसची क्लॅक्सो ही लॅटिन अमेरिकेतली सामाजिक शास्त्रांची परिषद आणि नवी दिल्लीतून चालणारी आयडियाज ही अर्थतज्ज्ञांची संघटना यांच्याबरोबर परिषदेने आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिका मिळून विद्वत्सहकार्याचा कार्यक्रम चालवला आहे.

तुमच्या वर्गात किंवा होस्टेलवर केनिया, सुदान, टांझानियाची मुलं असतील. पुण्यात तर असतातच. त्यांच्यापैकी कितीजणांना स्वतःच्या खंडातल्या या संस्थेची माहिती नसते. तिच्या योजना त्यांच्यासाठी आहेत. पुढच्या शिक्षणासाठी घरी परतणाऱ्या मित्राला हे आवर्जून सांगा.

पहिली पायरी: वाचन, आणि तेही क्रमाने

परिषदेची बरीच नियतकालिकं आहेत. 'आफ्रिका डेव्हलपमेंट' हे मुख्य जर्नल, १९७६ पासूनचं, इंग्रजी-फ्रेंच दोन्ही भाषांत. इतिहासवाल्यांसाठी 'आफ्रिका झमानी', समाजशास्त्रासाठी 'आफ्रिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू', उच्चशिक्षणावर 'जर्नल ऑफ हायर एज्युकेशन इन आफ्रिका', पुस्तक परीक्षणांसाठी 'आफ्रिका रिव्ह्यू ऑफ बुक्स'. यांखेरीज 'कोडेस्रिया बुलेटिन'.

नवखे लोक थेट मुख्य जर्नलला भिडतात आणि दमतात. मी सांगेन, बुलेटिनपासून सुरुवात करा. त्यात लेख छोटे असतात, वाद चालू असतात, आणि कुणी मोठा अभ्यासक गेला की त्याच्यावर सहकाऱ्यांनी लिहिलेले लेख असतात. हे स्मृतिलेख मन लावून वाचा. कोण कुणाचा विद्यार्थी, कोणत्या प्रश्नावर कुणाशी भांडला, कोणत्या वर्षी कुठल्या देशातून हाकलला गेला, हे तिथे जसं कळतं तसं कुठल्याही पाठ्यपुस्तकात कळत नाही. दक्षिण आफ्रिकेचे मानववंशशास्त्रज्ञ आर्ची माफेजे हे नाव मला असंच सापडलं. १९६८ साली केप टाऊन विद्यापीठाने त्यांची सीनियर लेक्चरर म्हणून निवड केली आणि वर्णद्वेषी सरकारच्या दबावापुढे ती मागे घेतली. विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत ठाण मांडलं, पण माफेजेंचं पुढचं बहुतेक आयुष्य देशाबाहेर गेलं. आफ्रिकेने स्वतःचे प्रश्न स्वतःच्या भुईतून उचलावेत हा त्यांचा आग्रह कशातून आला, हे ही हकीगत कळल्याशिवाय उमजत नाही.

मग 'आफ्रिका डेव्हलपमेंट'चा एक अंक घ्या. एकच. अनुक्रमणिका वाचा आणि प्रत्येक लेखकासमोर त्याची संस्था कुठली ते वहीत लिहा: इबादान, माकेरेरे, दार-एस-सलाम, याउंडे, केप टाऊन. हा नकाशा हाताने काढावा लागतो. प्रत्येक लेखाच्या आधी सारांश दोनदा छापलेला दिसेल, एकदा इंग्रजीत, एकदा फ्रेंचमध्ये. फ्रेंच लेख सोडून पुढे जाऊ नका. मूळ लेख फ्रेंचमध्ये असला तरी इंग्रजी सारांशावरून तो आपल्या कामाचा आहे का हे कळतं, आणि कामाचा असेल तर भाषांतराच्या साधनांनी निदान पहिलं वाचन तरी होतं. पण पीएच.डी.चा विचार असेल तर भाषा शिकाच. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकता येतं, आणि गोव्यातल्या मुलांना पोर्तुगीज शिकायची जी सोय दाराशी आहे ती मोझांबिक-अंगोलाचा अभ्यास करणाऱ्याला सोन्याहून मोलाची आहे.

शेवटी संदर्भसूचीवर या. माझ्या मित्राने केलं तेच करा, पेन्सिलीने टिकल्या. तीन-चार लेखांच्या सूचीत एकच नाव परत परत आलं की समजा, तुमचा पुढचा आठवडा त्या माणसाचा.

मुंबईकरांनी कलिनाला चक्कर मारावी. मुंबई विद्यापीठाचं आफ्रिकन स्टडीज केंद्र १९७१ पासून आहे, म्हणजे कोडेस्रियाहून दोन वर्षांनी मोठं. आयसीएसएसआरचं पश्चिम विभागीय केंद्रही त्याच आवारात आहे. छापील प्रती हव्यात तर आफ्रिकेबाहेर परिषदेची पुस्तकं आफ्रिकन बुक्स कलेक्टिव्हमार्फत मिळतात, आणि आफ्रिकेतली इतर जर्नल्स शोधायला आफ्रिकन जर्नल्स ऑनलाईन हा दक्षिण आफ्रिकेतून चालणारा संग्रह आहे.

दुसरी पायरी: विषय घासून घ्या

इथे थोडं थांबतो, कारण बहुतेकांचं काम इथेच बिघडतं.

"आफ्रिका आणि महाराष्ट्रातील शेती: एक तुलनात्मक अभ्यास" असं शीर्षक घेऊन माझ्याकडे एक विद्यार्थिनी आली होती. आफ्रिकेत ५४ देश आहेत. कुठली शेती, कुठला देश, कुठलं पीक? आम्ही दोघं दुपारभर बसलो. ती बीड जिल्ह्यातली, घरचे ऊसतोडीला जाणारे. मी तिला म्हटलं, तुझ्या घरातूनच सुरुवात कर. तिने सांगितलं: दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मग सहा महिने ऊस तोडून ती उचल फेडायची. फिटली नाही तर पुढच्या हंगामाच्या अंगावर.

मग आम्ही झिम्बाब्वेचा तंबाखू काढला. २००० नंतर तिथे झपाट्याने जमीन फेरवाटप झालं. गोऱ्या जमीनदारांची मोठी शेतं मोडून दीड लाखाच्या आसपास कुटुंबांना जमीन मिळाली. तंबाखूचं उत्पादन २००० साली सुमारे २३ कोटी किलो होतं, ते २००८ पर्यंत ५ कोटी किलोच्या खाली आलं. पुढे ते पुन्हा चढलं, पण आता पिकवणारे बरेचसे छोटे शेतकरी होते आणि बी-खत-औषध कंपनी कराराने आगाऊ देत होती. माल कंपनीलाच घालायचा, आगाऊ दिलेलं वळतं करून उरलं तर हातात. तिने वही खाली ठेवली आणि म्हणाली, "सर, ही उचलच की."

तो तिचा विषय झाला. आगाऊ रक्कम कुणाच्या हातून येते, कशी वळती होते, हंगाम बुडाला तर कुणाच्या माथी बसते. एका बाजूला जमीन नसलेला मजूर, दुसऱ्या बाजूला नुकतीच जमीन मिळालेला शेतकरी. फरकही तेवढाच महत्त्वाचा. आता तिला काय वाचायचं हेही आपोआप ठरलं: सॅम मोयो. हरारेमध्ये आफ्रिकेतल्या शेतीच्या अभ्यासाची संस्था उभारणारे, २००८ ते २०११ या काळात कोडेस्रियाचे अध्यक्ष. जमीन फेरवाटपाकडे नुसता गोंधळ म्हणून पाहणाऱ्यांना त्यांनी गावोगावचे आकडे गोळा करून उत्तर दिलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका परिषदेसाठी आले असताना नवी दिल्लीत गाडीच्या अपघातात ते गेले. भारतातल्या शेतीच्या अभ्यासकांशी त्यांची जवळची मैत्री होती, आणि ते धागे अजून तुटलेले नाहीत.

आपल्या मातीतून निघणारे असे विषय कितीतरी आहेत. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा आधारस्तंभ झालेला मलिक अंबर, मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी, हे आपण शाळेपासून वाचतो, पण पलीकडच्या किनाऱ्यावरच्या इतिहासकारांनी या स्थलांतराबद्दल काय लिहिलंय ते वाचत नाही. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालत होता. पणजीच्या पुराभिलेखागारात त्याचे कागद आहेत.

गोव्याबद्दल बोलतोच आहे तर अकिनो द ब्रागांझा यांना विसरून चालणार नाही. बार्देशात १९२४ साली जन्मलेला हा माणूस स्वतंत्र मोझांबिकमध्ये मापुतोच्या आफ्रिकी अध्ययन केंद्राचा संचालक झाला. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषविरोधी कार्यकर्त्या रूथ फर्स्ट तिथे संशोधन प्रमुख होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत जाणाऱ्या मोझांबिकी मजुरांचा अभ्यास या केंद्राने संशोधकांचा गट घेऊन, गावांत जाऊन केला. १७ ऑगस्ट १९८२ ला केंद्रात टपालातून आलेल्या बॉम्बने रूथ फर्स्ट यांचा बळी घेतला, अकिनो जखमी झाले. १९८६ मध्ये मोझांबिकचे अध्यक्ष समोरा मशेल यांच्याबरोबर विमान अपघातात तेही गेले. त्याच केंद्रातल्या इतिहासकार तेरेसा क्रूझ ए सिल्वा पुढे कोडेस्रियाच्या अध्यक्ष झाल्या. बीडच्या मुलीने खाणमजुरांचा तो अभ्यास वाचला तेव्हा मजूर पुरवणाऱ्या गावाचं काय होतं हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

आणि १९९८ ते २००२ या काळात परिषदेचे अध्यक्ष असलेले युगांडाचे राज्यशास्त्रज्ञ महमूद ममदानी यांचा जन्म १९४६ साली मुंबईतच झाला, वाढले कंपालात. १९७२ साली हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडाबाहेर काढलं त्यात तेही होते. परत गेले आणि तिथलेच होऊन राहिले. आपलेपणा पासपोर्टवर ठरतो की कामावर, हा प्रश्न त्यांच्या लिखाणात सतत येतो.

तिसरी पायरी: जोडीदार शोधा, पत्र नीट लिहा

तुमची वही आता भरली असेल. त्यातला एक अभ्यासक निवडा, शक्यतो तुमच्याच वयाच्या आसपासचा. मोठमोठ्या नावांना रोज शंभर पत्रं येतात.

पत्र दहा-बारा ओळींचं. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण. पुढच्या तीन ओळींत त्यांच्या कुठल्या लेखातलं नेमकं कुठलं विधान तुम्हाला भावलं किंवा खटकलं, पान क्रमांकासह. मग तुमचा प्रश्न, एकच. शेवटी तुमच्याकडून काय देऊ शकता ते: मराठी कागदपत्रांचा सारांश, ऊसतोडीचे आकडे, पणजीच्या पुराभिलेखातल्या नोंदी. इथेच आपण चुकतो. मागणीच असते, देणं नसतं. माझ्या पहिल्या पत्रात मी फक्त "मार्गदर्शन करावे" असं लिहिलं होतं, म्हणजे समोरच्याने माझं कामच करून द्यावं. त्याचं उत्तर आलं नाही, आणि येऊ नये हेच बरोबर होतं.

संबोधनात 'डॉक्टर' किंवा 'प्रोफेसर' आणि आडनाव. आफ्रिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत ज्येष्ठांचा मान आपल्यासारखाच जपतात. पहिल्या पत्रात नुसतं नाव घेऊन हाक मारू नये.

चौथी पायरी: आवाहन आलं की

परिषद वेळोवेळी प्रस्तावांचं आवाहन काढते. काम करणाऱ्यांत त्याला 'कॉल'च म्हणतात. एका देशातल्या अभ्यासकांचे राष्ट्रीय कार्यगट, अनेक देशांतल्यांचे बहुराष्ट्रीय कार्यगट, तुलनात्मक संशोधनाची जाळी, आणि स्त्री-पुरुष संबंध, शासनव्यवस्था, मुलं-तरुण अशा विषयांवरच्या काही आठवड्यांच्या कार्यशाळा, असे प्रकार त्यांनी चालवले आहेत.

प्रस्ताव तुमचा आफ्रिकी सहकारी पुढे करील, तुम्ही त्यात असाल. हे मनापासून मान्य असेल तरच पुढे जा. आवाहन दोनदा वाचा आणि पात्रतेची ओळ न् ओळ सहकाऱ्याबरोबर तपासा. गटात वेगवेगळ्या विद्याशाखा, भाषा, स्त्रिया आणि पुरुष, ज्येष्ठ आणि नवे असं मिश्रण असावं याकडे परिषद बारीक लक्ष देते. ते शेवटच्या दिवशी नावं घुसडून साधत नाही.

प्रस्तावात आधीच्या लिखाणाचा आढावा असतो, तिथे तुमचं खरं रूप दिसतं. आफ्रिकी अभ्यासकांचं लिखाण फक्त "केस स्टडी" म्हणून आणि सिद्धांत मात्र युरोप-अमेरिकेचा, असा आढावा परीक्षकाला पहिल्याच पानावर ओळखू येतो. माहिती त्यांची आणि विचार दुसऱ्यांचे, याच वाटणीविरुद्ध ही संस्था उभी राहिली. तुम्ही तीच पुन्हा मांडून नेऊ नका.

डाकारची वेळ ग्रीनिच वेळ आहे, आपण साडेपाच तास पुढे. ऑनलाईन बैठक तिकडे सकाळी दहाला असेल तर तुमचे दुपारचे साडेतीन. मुदत मध्यरात्रीची असली तर आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजतात, पण त्यावर विसंबू नका. मुदतीच्या आदल्या रात्री कुणाकडे वीज गेली, कुणाचं नेट बसलं असं होतंच, इथेही आणि तिथेही.

पाचवी पायरी: लेख पाठवणं

'आफ्रिका डेव्हलपमेंट'मध्ये लेख परीक्षकांकडे निनावी जातो. नाव पहिल्या पानावरून काढणं एवढं पुरत नाही. "माझ्या २०१९ च्या लेखात मी दाखवलं आहे" अशी वाक्यं बदला, आभार काढा, आणि फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये तुमचं नाव राहतं तेही पुसा. माझ्या एका सहकारी मैत्रिणीचा लेख एवढ्यासाठीच परत आला आणि तिचे दोन महिने गेले. संदर्भांची पद्धत त्यांच्या ताज्या अंकात जशी आहे तशीच, स्वल्पविरामासकट. मराठी स्रोत वापरत असाल तर मूळ शीर्षक रोमन लिपीत आणि त्याचं इंग्रजी भाषांतर, दोन्ही द्या. डाकारमधल्या संपादकाला 'उचल' म्हणजे काय ते पहिल्या वापराच्या वेळी एका वाक्यात समजावून सांगा, पण शब्द मात्र 'उचल'च ठेवा. त्याला 'ॲडव्हान्स' करून टाकलंत तर तुमच्या लेखातलं निम्मं म्हणणं तिथेच हरवतं.

यूजीसीने मान्य जर्नल्सची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे कुठलं जर्नल चालेल याबद्दल आपल्या संशोधन केंद्रांत गोंधळ आहे. लेख पाठवण्याआधी गाईडकडून आणि केंद्राकडून लेखी विचारून ठेवा. निर्णय यायला महिने लागतात. सुधारणा सुचवून लेख परत आला तर तो नकार नाही. प्रत्येक सूचनेला उत्तर लिहून पाठवायचं असतं, जी मानली नाही तिलासुद्धा, कारणासह.

डाकारला जायची वेळ आली तर

सर्वसाधारण सभा किंवा एखाद्या परिषदेसाठी जाणं झालं तर प्रवासखर्चाची सोय आधी इथे शोधा. परदेशी परिषदा आणि क्षेत्रकार्य यांसाठी आयसीएसएसआरच्या योजना असतात. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी मान्यताप्राप्त केंद्रात घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा. ते नसेल तर परत येताना भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. सेनेगलचा दूतावास नवी दिल्लीत आहे. चलन सीएफए फ्रँक, युरोशी बांधलेलं, एका युरोला सुमारे ६५६. विमानतळ २०१७ पासून शहराबाहेर दियास इथे आहे, तेव्हा रात्रीचं विमान असेल तर गाडी आधी ठरवा. परिषदेचं कार्यालय शेख अंता दियोप मार्गावर आहे, त्याच नावाचं विद्यापीठही याच भागात. रस्त्यावर फ्रेंच चालते, पण घराघरांत वोलोफ. "नांगा देफ", म्हणजे कसे आहात, एवढं जरी बोललात तरी समोरचा माणूस खुलतो.

बकरी ईदला तिथे तबास्की म्हणतात आणि तो वर्षातला सगळ्यात मोठा सण. त्याच्या आसपास कार्यालयं बंद असतात, लोक गावी गेलेले असतात, आपल्याकडे गणपतीत कोकण रेल्वेची होते तशी तिथल्या गाड्यांची गर्दी होते. पत्र पाठवायचं असेल तर तो आठवडा टाळा. आणि तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर त्याच पत्राखाली दोन ओळींची एकच आठवण करा, नम्रपणे, तुमच्या प्रश्नासह.